उजवीकडचा चोर

स्लाइड उजेडाकडे तिरपी धरली की फिल्मची एक बाजू चकचकीत दिसते आणि दुसरी मंद, ओल्या फडक्यानं पुसून वाळलेल्या पाटीसारखी. चकचकीत बाजू आपल्याकडे ठेवायची, चित्र सुलटं करायचं आणि चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लाल टिकली चिकटवायची. प्रोजेक्टर चालवणारा टिकली पाहूनच स्लाइड ट्रेमध्ये घालतो, चित्र बघत बसत नाही. काम एवढंच होतं. मला ते पहिल्या दिवशी दहा मिनिटांत समजलं आणि तिथेच घात झाला. दहा मिनिटांत समजलेल्या गोष्टीचा मी पुन्हा विचार करत नाही. ती माझी सवय होती, अजूनही आहे.

ऐंशीच्या दशकातली, न्यू जर्सीमधली गोष्ट. मी मिरजेकडचा, इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी गेलेला. आम्ही तिघं पिस्कॅटवेमध्ये एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. दुसऱ्या वर्षी डिपार्टमेंटनं माझी असिस्टंटशिप दुसऱ्याला दिली. कॅम्पसबाहेर काम करायची व्हिसावर परवानगी नव्हती, म्हणून कॅम्पसवरच्या नोटीस बोर्डावर जे सापडलं ते घेतलं. कलेतिहास विभागाच्या तळघरात स्लाइड लायब्ररी होती. हजारो स्लाइड्स, लोखंडी ड्रॉवर आणि खालून दिवा लागणारं एक लाइट टेबल. तिथली मुख्य बाई चष्मा साखळीला अडकवून फिरायची. तिनं मला नियम शिकवला आणि शेवटी म्हणाली, फोटोत कुठे अक्षरं असतील तर ती वाचून खात्री कर. अक्षरं नसतील तर मला विचार. मी मान डोलावली. विचारलं कधीच नाही.

माझा नागपूरचा रूममेट घरी आलो की विचारायचा, "काय बे, आज कोणता देव उलटा टांगला?"

त्याला असंच काहीतरी बोलायचं असायचं. मी हसायचो.

प्रोफेसर त्या वर्षी निवृत्त होणार होते. सत्तरीला आलेले, उंच, कोपरावर चामड्याचं ठिगळ असलेला एकच कोट. त्यांची नजर मधोमध गेली होती. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यामुळे आपल्याशी बोलताना ते मान वळवून दुसरीकडे बघायचे, कोंबडी दाण्याकडे बघते तसं. मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस माझ्याकडे बघायला तयार नाही. बाईंनी मग सांगितलं. त्यांची बायको आदल्या वर्षी गेली, हेही सांगितलं.

त्यांचा विषय होता फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीमध्ये, असलेली जुनी चर्चची आवारं. नुसतं चर्च नाही, सगळं आवार. ते समजावून सांगायचे आणि मी स्लाइडच्या काचांना कडेनं टेप चिकटवत ऐकायचो. भोवती दगडी कुंपण. कुंपणात एक मोठी कमान, आपल्या वेशीसारखी, पण ती रोजची नाही. लग्न, मिरवणूक आणि माणसाचं शेवटचं येणं, एवढ्यासाठी. रोज येणारे बाजूनं, उभा रोवलेला दगड पाय उचलून ओलांडून आत जातात, म्हणजे गुरं आत शिरत नाहीत. आत चर्चच्या दक्षिणेला एक ओसरी आणि तिच्या दोन्ही भिंतींत येशूचे सहा-सहा शिष्य दगडात उभे. एका कडेला अस्थिघर. गाव मोठं, आवार लहान. म्हणून काही वर्षांनी थडगं उकरून हाडं अस्थिघरात नेऊन ठेवायची आणि ती जागा नव्या मेलेल्याला द्यायची. मोठ्या माणसाची कवटी लाकडी खोक्यात, पक्ष्याच्या घरट्यासारख्या, आणि खोक्याला बदामाच्या आकाराची खिडकी. त्यावर लिहिलेलं, हे अमक्याचं शीर.

"म्हणजे तिथे मेल्यावरही जागा खाली करावी लागते," मी म्हणालो.

त्यांना ते आवडलं. म्हणाले, हो, आणि निवृत्त प्रोफेसरलाही.

अस्थिघराच्या भिंतीवर मृत्यू कोरलेला असतो. हाडांचा सापळा, हातात भाला नाहीतर बाण. तिथल्या लोकांचा समज असा की वर्षात शेवटी जो मरतो त्याला पुढचं वर्षभर मृत्यूची गाडी हाकावी लागते, घरोघर जाऊन माणसं उचलावी लागतात. प्रोफेसर म्हणायचे, डिसेंबरमध्ये आजारी पडायचं नाही, हा धडा मी त्यातून घेतला. त्यांची बायको मात्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेली होती. हे मला नंतर कळलं.

आणि आवाराच्या मधोमध मुख्य गोष्ट. दगडी चौथरा, त्यावर तीन क्रूस, खाली चारही बाजूंनी माणसांची गर्दी कोरलेली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दगडाचं पुस्तक. मधल्या क्रूसावर येशू, दोन्ही बाजूंना दोन चोर. एकाला शेवटच्या क्षणी पश्चात्ताप होतो, तो येशूकडे मान वळवतो, त्याच्या डोक्यावर देवदूत. दुसरा मान फिरवतो, त्याच्या डोक्यावर सैतान. चांगला चोर नेहमी येशूच्या उजव्या हाताला, वाईट चोर डाव्या हाताला. यात बदल होत नाही. देवाची उजवी बाजू तरलेल्यांची, डावी नरकात जाणाऱ्यांची, हे तिथे सगळ्यांना माहीत.

मी त्यांना आमच्याकडच्या वीरगळांबद्दल सांगितलं. मामाच्या गावी मारुतीच्या देवळामागे तीन-चार होते, तेल लावून लावून गुळगुळीत झालेले. वीरगळ खालून वर वाचायचा. खाली लढाई आणि मेलेला माणूस, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तो पिंडीपुढे बसलेला, आणि कोपऱ्यात चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याचं नाव राहील. प्रोफेसर ऐकत राहिले. मग म्हणाले, तुम्ही लोक खालून वर वाचता आणि आम्ही उजवीकडून डावीकडे न्याय करतो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाईंना सांगून माझे सगळे तास स्वतःकडे घेतले. मी त्यांना वाचून दाखवायचो, ते सांगतील ते टाइप करायचो. मला तिथे कोणी असं बोलावून घेतलेलं नव्हतं. मला फार बरं वाटलं होतं, हे लिहून ठेवतो.

त्यांच्या स्वतःच्या स्लाइड्सचा एक खोका होता. वीस वर्षांपूर्वी नवरा-बायको त्या भागात फिरले होते. ते वहीत नकाशे काढायचे, ती फोटो काढायची. मूळ फिल्म घरात पाणी शिरून खराब झाली होती. उरल्या होत्या त्या नकला. तिनंच कुठल्या तरी लॅबकडून करून घेतलेल्या, तिनंच काचेत बसवलेल्या. आता काचेला बुरशी आली होती. त्या मी नव्या काचेत बसवायच्या होत्या.

जुन्या चौकटींवर हिरव्या शाईत तिचं अक्षर होतं आणि टिकलीच्या जागी नेलपॉलिशचा थेंब. मी पहिली स्लाइड उजेडाकडे धरली. माझ्या नियमाप्रमाणे थेंब चुकीच्या बाजूला येत होता. दुसरी धरली. तीच गत. सगळ्याच तशा. मला वाटलं, बाईला येत नसणार. नेलपॉलिश लावणाऱ्या बाईला कुठून यायचं. हे शब्द माझ्या मनात असेच आले, त्यात आज काही सुधारणा करत नाही. मी एकेक फिल्म काढली, चकचकीत बाजू माझ्याकडे केली, नव्या काचेत बसवली, लाल टिकली लावली. जुन्या चौकटी फुटक्या काचांबरोबर कचऱ्यात गेल्या.

थंडीत एकदा प्रोफेसर लाइट टेबलवर वाकून एक स्लाइड भिंगातून बघत होते. त्यांना नीट बघायला मान अशी काही वाकडी करावी लागे की बघणाऱ्याची मान दुखावी. ते बराच वेळ उठले नाहीत. मग मला म्हणाले, बघ, चांगला चोर कुठे आहे?

मी बघितलं. देवदूत दिसला. म्हणालो, येशूच्या डाव्या हाताला.

"पुन्हा बघ."

"डाव्याच, सर."

ते खुर्चीत बसले. ते गाव अगदी लहान होतं, कोणी अभ्यास न केलेलं, एका पावसाळी दुपारी तासाभरासाठी पाहिलेलं. त्या दिवशी ते अस्थिघराची मापं घेत होते. क्रूसाकडे त्यांनी नीट पाहिलंच नव्हतं, ते तिनं पाहिलं. आता वीस वर्षांनी त्यात हे निघालं. पुढचे दोन महिने त्यांनी दुसरं काही केलं नाही. माझ्याकडून पुस्तकं वाचून घेतली, टिपणं टाइप करून घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: त्या भागात प्लेग येऊन गेला होता. माणसं पाद्र्याची वाट बघत, पाप न सांगता, म्हणजे क्षमा न मिळता, तशीच मेली होती. त्या गावच्या पाथरवटानं मुद्दाम बाजू बदलल्या. क्षमेला बाजू नसते, असं त्यानं दगडात म्हणून ठेवलं.

एकदा टाइप करताना ते थांबले. म्हणाले, माझ्या बायकोनं चर्च तरुणपणीच सोडलं. शेवटी पाद्री बोलवू का विचारलं तर म्हणाली, त्याला कशाला त्रास. मी श्रद्धाळू माणूस आहे, मी रविवारी जातो, आणि वर्षभर मी रात्रंदिवस एकच विचार करतोय की ती कुठल्या बाजूला असेल. आणि फोटो तिनंच काढून ठेवलेला.

मग म्हणाले, आयुष्यभर मी दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं. माझं स्वतःचं असं हे एकच.

मी ते टाइप करायचं की नाही ते न कळून बोटं कळांवर तशीच ठेवून बसलो.

वसंतात त्यांचं निरोपाचं व्याख्यान ठरलं. त्याआधी दोन आठवडे मी ट्रे भरत होतो. अस्थिघराची एक स्लाइड टेबलवर ठेवली आणि भिंतीवरची कोरलेली अक्षरं दिसली. उलटी. आरशातल्यासारखी. मी ती फिरवली तर टिकली उलट्या बाजूला गेली. आधी वाटलं, एखादी चुकली असेल. अक्षरं असलेल्या आणखी दोन होत्या. त्याही उलट्या.

बाईंना मी अगदी सहज, दुसऱ्याच कशाबद्दल विचारावं तसं विचारलं. त्या ड्रॉवर लावता लावता म्हणाल्या, मूळ स्लाइडला चकचकीत बाजू आपल्याकडे. फिल्मला फिल्म चिकटवून नक्कल काढली असेल तर बरोबर उलटं, मंद बाजू आपल्याकडे. म्हणून तर अक्षरं बघ म्हटलं होतं.

मी त्या तीन स्लाइड्स नीट करून टाकल्या. क्रूसाच्या स्लाइडला हात लावला नाही. तिच्यात अक्षरं नव्हती, पण खोका तोच होता, नकला त्याच होत्या. मला माहीत होतं. शंका नव्हती, माहीत होतं. तिची नेलपॉलिश बरोबर होती आणि माझी टिकली चूक.

घरी रूममेटला अर्धंमुर्धं सांगितलं. तो भात उपसत होता. म्हणाला, "अबे, त्या बुढ्याले सांगून काय होणार आहे? नोकरी जाईन तुझी, वर रेकमेंडेशन बी. पोरं तर झोपतातच लेक्चरमधे. चुप राह."

तिसरा मुंबईचा होता, त्यानं टीव्हीवरून मान न वळवता म्हटलं, यार, देव तर दोन्ही बाजूनं सेमच दिसतो ना.

मी ठरवलं, सोमवारी सांगू. सोमवारी प्रोफेसर नवा टाय घालून आले होते, तो कसा दिसतो ते त्यांना दिसत नव्हतं म्हणून मला विचारत होते. मग बुधवार ठरवला. बुधवारी कळलं, एका नियतकालिकानं त्यांचा चोरांवरचा निबंध घ्यायचं कबूल केलंय. रोज सकाळी मी वाक्य तयार करून जायचो, इंग्लिशमध्ये, व्याकरण तपासून. दुपारी ते तसंच घेऊन परत यायचो.  कोणी धमकावलं नव्हतं. नुसतं तोंड उघडायचं होतं, आणि ते उघडत नव्हतं, एवढंच मी सांगू शकतो.

व्याख्यान दुपारी चारला होतं. साठ-सत्तर माणसं होती. मी मागे प्रोजेक्टरवर. ते कागदाशिवाय बोलले, कागद असता तरी दिसला नसता. कमान झाली, ओसरी झाली, अस्थिघर झालं, गाडीवान मृत्यूवर लोक हसले. मग ती स्लाइड आली. ते सांगत गेले. माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीनं पेन खाली ठेवलं. क्षमेला बाजू नसते, असं म्हणून ते थांबले तेव्हा टाळ्या आल्या.

प्रश्नांच्या वेळी दुसऱ्या रांगेतली एक बाई उठली. पन्नाशीची, दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या कॉलेजात शिकवणारी. बोलण्यात फ्रेंच हेल होता. म्हणाली, मला हे बोलताना बरं वाटत नाही. मी शेजारच्या गावची. लहानपणी दर उन्हाळ्यात त्या आवारात खेळले आहे. चांगला चोर नेहमीच्याच बाजूला आहे. ही स्लाइड उलटी असावी.

प्रोफेसर म्हणाले, आठवणी उलट्या होतात मॅडम, दगड होत नाहीत.

ती म्हणाली, "मग येशूच्या कुशीत भाल्याची जखम कुठल्या बाजूला आहे, एवढं बघा."

मला जखमेचं माहीत नव्हतं. ती नेहमी उजव्या कुशीत असते. सभागृहात ज्यांना माहीत होतं त्या सगळ्यांनी एकदम पडद्याकडे पाहिलं. फक्त प्रोफेसरांना ते बघता येत नव्हतं. ते पडद्याजवळ गेले, त्यांची सावली तिन्ही क्रूसांवर पडली. त्यांनी मान वाकडी केली, एकीकडून, मग दुसरीकडून. मग वळून अंधारात माझ्या दिशेनं बघत, म्हणजे माझ्या बाजूला कुठेतरी बघत, म्हणाले, तू सांग. कुठल्या कुशीत आहे?

"डाव्या, सर."

 त्यांनी विचारलं, "काचेत बसवताना उलटी झाली असेल का?"

माझा हात प्रोजेक्टरच्या गरम पत्र्यावर होता.

"नाही सर," मी म्हणालो. "तुमच्याकडून आली तशीच बसवली."

ते हसले. म्हणाले, मग ही माझ्या बायकोची करामत. तिला नेहमी घाई असायची. लोकही हसले, प्रेमानंच. कोणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या. फ्रेंच बाई हसली नाही. ती मागे वळून माझ्याकडे बघत होती, मग बसली.

निबंध त्यांनी परत मागवला. ते पत्र मीच टाइप केलं. त्यात एक वाक्य होतं, की छायाचित्रं दिवंगत पत्नीनं तयार केली होती आणि त्यातली चूक वेळीच लक्षात आली नाही. मी ते वाक्य टाइप केलं, स्पेलिंग तपासलं, सहीसाठी कागद पुढे केला आणि सही कुठे करायची तिथे त्यांचं बोट धरून ठेवलं.

त्यानंतर ते तळघरात आले नाहीत. माझ्यासाठी त्यांनी रेकमेंडेशन मात्र दिलं, ते बाईंनी टाइप केलं. त्यात प्रामाणिक हा शब्द होता. त्यावर मला टेक्सासमध्ये नोकरी लागली.

निघण्याआधी एका रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. आता व्हिसाचं कारण नव्हतं, नोकरीचंही नव्हतं. घर आवरायला काढलं होतं. ते मेन राज्यात बहिणीकडे राहायला जाणार होते. पुस्तकांचे खोके भिंतीला लावलेले. त्यांनी स्वतः चहा केला, कपात बोट बुडवून पाणी किती झालं ते बघत. मी म्हटलं मी करतो, तर म्हणाले बस.

मग एक वही माझ्या हातात दिली. हिरवी शाई. तिची त्या प्रवासातली वही. घरात वाचून दाखवायला कोणी नव्हतं, आणि बहिणीकडून तिचं अक्षर वाचून घ्यायचं नव्हतं, दोघींचं जमायचं नाही. म्हणाले, ते गाव शोध. मला बघायचंय, त्या दिवशी ती काय करत होती. मी तिच्यावर चिडलो नाहीये, हे तू लक्षात घे. उलट मला बरं वाटतं, जाता जाता मला एकदा पाडलं तिनं.

मी पानं उलटली. गाव सापडलं. पाऊण पान होतं. मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता डोळे पुढच्या ओळींवर गेले, तसे ते जातातच. शेवटची ओळ क्रूसाची होती.

मी पावसाची ओळ वाचली. त्यांचे बूट गळत होते ती वाचली. अस्थिघराची मापं घेताना ते दगडाशी मोठ्यानं बोलत होते, ती वाचली. ते त्यावर खूप हसले. मग मी थांबलो.

"एवढंच?"

"एवढंच, सर."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, क्रूसाबद्दल काहीच नाही? मी म्हणालो, पावसानं घाईत असतील. माझ्याच तोंडून त्यांचा शब्द आला, घाई. ते म्हणाले, हो, तसंच असणार.

मग वही परत द्यायला गेलो तर त्यांनी घेतली नाही. माझ्या उपयोगाची नाही, म्हणाले, तू तिच्या चुकीपायी माझ्याइतकाच ओशाळलास, तुझ्याकडे राहू दे. दारापर्यंत सोडायला आले. उजेडात उभे राहून माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत त्यांनी हात पुढे केला, तो मला पकडावा लागला.

पहिली दोन वर्षं मी ख्रिसमसला कार्ड पाठवलं. तिसऱ्या वर्षी पत्र लिहिलं, सगळं, चार पानं. ते त्यांना बहिणीकडूनच वाचून घ्यावं लागेल, हे पाकीट चिकटवताना ध्यानात आलं आणि मी ते ठेवून दिलं. मग बहिणीचंच कार्ड आलं, ते गेल्याचं. नोव्हेंबर होता. डिसेंबर नाही, असा विचार आला आणि त्या विचाराचीही लाज वाटली.

आता मी टेक्सासमध्येच, प्लेनोला राहतो. मुलगी विचारते, बाबा, वॉट इज दिस ग्रीन नोटबुक. मी म्हणतो, ऑफिसचं जुनं आहे. बायकोनं विचारलेलं नाही. बऱ्याच वेळा ठरवलं, त्या विभागाला कळवावं. पण त्या पत्राची फाईल कोणाकडे असणार आणि कोणाला त्याचं काय. ज्याला सांगायचं होतं त्यानं समोर बसून विचारलं होतं, एवढंच का, आणि मी हो म्हणालो होतो.

तर जी ओळ मी त्या रविवारी वाचली नाही ती इथे वाचतो. इंग्लिशमध्ये आहे, मी मराठी करतोय, जमेल तसं:

"चांगला चोर उजवीकडे, नेहमीप्रमाणेच. देवदूताचा पंख मोडलाय. वाईट चोर डावीकडे, त्याच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून मी त्याच्या खाली उभी राहून सँडविच खाल्लं. त्यालाही कोणीतरी सोबत हवी. नवऱ्याची मापं घेऊन संपली की त्याला हे सांगायचंय."